क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यासाठी पहिली प्राइम लेन्स: निवडीपासून वापरापर्यंत

नव्या डिजिटल कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स काही महिने वापरली, की नवशिक्याला साधारण दोन गोष्टी खटकू लागतात. दिवेलागणीनंतर घरात काढलेली छायाचित्रे एक तर हलतात किंवा दाणेदार येतात, आणि माणसामागची पार्श्वभूमी त्याच्याइतकीच ठळक राहून चौकटीत गर्दी करते. या दोन्ही तक्रारींवर बहुतेक जण एकच उपाय सुचवतात: एफ/१.८ ची ५० मिलिमीटर प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घ्या. एफ/१.८ हे लेन्सच्या अ‍ॅपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचे माप; आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. उपाय चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. हा सल्ला फिल्म कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आलेला आहे आणि क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरवर, तीच लेन्स बरीच वेगळी वागते. म्हणून खरेदीपूर्वी आपण बहुतेक छायाचित्रे किती अंतरावरून काढतो, याचा हिशेब आधी करावा. लेन्सची निवड त्या हिशेबातून आपोआप पुढे येते.

१. सेन्सर लहान असल्याने नेमके काय बदलते

फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांच्या एपीएस-सी, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या, कॅमेऱ्यांतील सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, तर कॅननचा त्याहून किंचित लहान, म्हणजे २२.३ × १४.९ मिलिमीटरचा असतो. लेन्स दोन्हीकडे सारखेच वर्तुळाकार प्रतिबिंब पाडते; लहान सेन्सर त्याचा फक्त मधला भाग टिपतो. त्यामुळे ५० मिलिमीटरची लेन्स क्रॉप सेन्सरवर लावली तरी तिची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा, ५० मिलिमीटरच राहते, मात्र चौकटीत मावणारे दृश्य फुल फ्रेमवरील ७५ मिलिमीटरच्या लेन्सइतके, आणि कॅननच्या बाबतीत ८० मिलिमीटरच्या लेन्सइतके अरुंद होते. याच १.५ किंवा १.६ या आकड्याला क्रॉप फॅक्टर म्हणतात. लेन्सवर केवळ क्रॉप सेन्सरसाठी बनवल्याची खूण असली, तरी छापलेली फोकल लेंग्थ खरीच असते आणि हा गुणाकार तिलाही लागू होतो. ‘ही क्रॉपसाठीच बनवली आहे, मग ३५ म्हणजे ३५ च दिसेल’ हा समज नवशिक्यांमध्ये फार पसरलेला आहे.

सेन्सरच्या कर्णाइतकी फोकल लेंग्थ ‘नॉर्मल’ मानण्याचा प्रघात आहे, कारण तिचे दृश्य डोळ्यांना ना फार पसरट वाटते, ना फार आवळलेले. फुल फ्रेमचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर असल्याने तिथे ५० मिलिमीटर नॉर्मल ठरली. एपीएस-सीचा कर्ण सुमारे २८ मिलिमीटर आहे. म्हणजे क्रॉप सेन्सरवर ही जागा २८ ते ३५ मिलिमीटरच्या लेन्सकडे जाते आणि ५० मिलिमीटर ही उघडउघड व्यक्तिचित्रणाची, थोडीशी टेलिफोटो लेन्स बनते.

२. आपले अंतर मोजा

चौकटीत किती रुंदी मावेल याचा हिशेब सोपा आहे: विषयापर्यंतच्या अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणावे आणि फोकल लेंग्थने भागावे. उभ्या चौकटीत एक प्रौढ माणूस डोक्यापासून पायांपर्यंत, वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवून घ्यायचा, तर सुमारे २ मीटर उंची मावायला हवी. २३.५ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर त्यासाठी ५० मिलिमीटर लेन्स घेऊन सव्वाचार मीटर मागे जावे लागते. ३५ मिलिमीटरला तीन मीटर पुरतात आणि २४ मिलिमीटरला जेमतेम दोन. ओळीने उभ्या असलेल्या पाच जणांसाठी अडीच मीटर रुंदी धरली, तर आडव्या चौकटीत ५० मिलिमीटरला सव्वापाच मीटरहून अधिक अंतर लागते. मध्यम आकाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी इतके अंतर मिळत नाही, आणि ५० मिलिमीटर घेऊन आलेल्या नवशिक्याचा पहिला हिरमोड नेमका इथे होतो.

उलट, डोके आणि खांदे एवढ्याच चौकटीसाठी ५० मिलिमीटरला सुमारे १.६ मीटर अंतर लागते. बोलता येईल इतके जवळ, पण समोरच्याला अवघडल्यासारखे होणार नाही इतके लांब, असे हे अंतर आहे. तीच चौकट ३५ मिलिमीटरने भरायची तर १.१ मीटरवर जावे लागते. एवढ्या जवळून नाक किंचित मोठे आणि कान मागे सरकल्यासारखे दिसू लागतात. हा दोष लेन्सचा नसतो. चेहऱ्याच्या भागांची परस्पर प्रमाणे कशी दिसतील, हे फक्त अंतरावर ठरते; फोकल लेंग्थ केवळ चौकट कुठे कापायची ते सांगते. ‘प्राइम लेन्समध्ये पायांनी झूम करायचे’ असे जे म्हणतात, ते म्हणूनच पुरते खरे नाही. झूम फिरवल्याने दृश्याची प्रमाणे तशीच राहतात, पाऊल पुढे टाकल्याने मात्र समोरची वस्तू आणि मागचा डोंगर यांच्या आकारांचे नाते बदलते. प्राइम लेन्सवर हात बसतो, तो हे नाते दिसू लागल्यावर.

खरेदीपूर्वी एक चाचणी जरूर करावी. किट लेन्सचे कडे ३५ मिलिमीटरच्या खुणेवर आणून काही दिवस तिथून हलवायचे नाही, मग तेच ५० मिलिमीटरवर करायचे. शिवाय आतापर्यंतच्या आवडलेल्या छायाचित्रांची माहिती संगणकावर उघडून पाहावी. प्रत्येक फाइलमध्ये वापरलेली फोकल लेंग्थ नोंदलेली असते. आवडलेली बहुतेक छायाचित्रे १८ ते २४ मिलिमीटरच्या आसपास असतील, तर ५० मिलिमीटर लेन्स कितीही स्वस्त असली तरी ती कपाटातच राहण्याचा संभव अधिक. माझे मत विचाराल, तर घरातली माणसे, मुले आणि रोजचे प्रसंग टिपणाऱ्याने पहिली प्राइम ३५ मिलिमीटरचीच घ्यावी; व्यक्तिचित्रे, रंगमंचावरचे कार्यक्रम किंवा थोड्या अंतरावरून टिपायचे हावभाव हा मुख्य विषय असेल, तरच ५० मिलिमीटर.

३. मग ५० मिलिमीटरच सर्वांत स्वस्त का

स्वस्ताईमागे प्रकाशशास्त्राचे कारण आहे. या लेन्सची मूळ रचना डबल गाउस प्रकारची, म्हणजे अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या भिंगांची असून झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये केलेल्या प्लॅनार लेन्सपासून ती विकसित होत आली आहे. एसएलआर कॅमेऱ्यात आरशासाठी जागा सोडावी लागते, म्हणून माउंटपासून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंतचे अंतर कॅनन ईएफमध्ये ४४ आणि निकॉन एफमध्ये ४६.५ मिलिमीटर आहे. ५० मिलिमीटरची लेन्स त्या अंतरात साध्या रचनेने बसते. कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम अवघ्या ६ भिंगांची आहे. त्याहून बऱ्याच कमी फोकल लेंग्थचे प्रतिबिंब तेवढ्या लांब पाडण्यासाठी रेट्रोफोकस रचना करावी लागते, भिंगे वाढतात आणि मोठे अ‍ॅपर्चर हवे असेल तर खर्च चढत जातो. त्यामुळे रुंद कोनाच्या स्वस्त प्राइम बहुधा एफ/२.८ वर थांबतात. कॅननची ईएफ-एस २४ मिलिमीटर एफ/२.८ एसटीएम हे त्याचे चांगले उदाहरण: चपटी, हलकी, १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होणारी, पण अंधारात एफ/१.८ ची बरोबरी न करणारी. निकॉनने २००९ मध्ये आणलेली डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८जी लोकप्रिय झाली, कारण क्रॉप सेन्सरवरची नॉर्मल फोकल लेंग्थ आणि मोठे अ‍ॅपर्चर तिने आवाक्यातल्या किमतीत एकत्र दिले.

४. लेन्स कॅमेऱ्यावर चालेल का, हे तपासा

माउंट जुळणे ही पहिली अट, पण एवढ्याने भागत नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत, तसेच डी४० आणि डी६० मध्ये, फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुनी एएफ ५० मिलिमीटर एफ/१.८डी त्यांच्यावर बसते, प्रकाशमापनही करते, पण ऑटोफोकस करत नाही. स्वतःची मोटर असलेली, उदाहरणार्थ एएफ-एस अशी खूण असलेली, लेन्सच घ्यावी लागते. कॅननच्या क्रॉप सेन्सर डीएसएलआरवर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स चालतात. आर मालिकेतील मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर त्या अ‍ॅडॉप्टर लावून वापरता येतात, मात्र त्या मालिकेची आरएफ लेन्स डीएसएलआरवर कोणत्याही प्रकारे बसत नाही. सोनीच्या ई माउंटवर ई (क्रॉप सेन्सरच्या) आणि एफई (फुल फ्रेमच्या) दोन्ही लेन्स चालतात.

वापरलेली लेन्स घेत असाल, तर भिंगाच्या आतील बुरशी टॉर्चच्या प्रकाशात तिरक्या कोनातून पाहावी, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलेले नाही याची खात्री करावी आणि फोकस जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत अडखळत नाही ना ते बघावे. भिंगावरचा एखादा बारीक ओरखडा छायाचित्रात सहसा दिसत नाही. बुरशी मात्र पसरत जाते.

स्वस्त प्राइमपैकी पुष्कळ लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा नसते. सोनीच्या ३५ आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ ओएसएस हे अपवाद आहेत. कॅमेऱ्याच्या सेन्सरलाच कंपनरोध असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर पुढच्या पायरीतील शटर स्पीडचा नियम गांभीर्याने घ्यावा.

५. पहिली मांडणी

कॅमेऱ्याचा डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर आणावा. निकॉन, सोनीवर तो ए आणि कॅननवर एव्ही या अक्षरांनी दाखवलेला असतो. अ‍ॅपर्चर सुरुवातीला एफ/२.८ वर ठेवावे. लेन्स एफ/१.८ ची असताना एफ/२.८ कशाला, असे कोणालाही वाटेल. बहुतेक स्वस्त प्राइम पूर्ण उघडलेल्या अवस्थेत किंचित मऊ चित्र देतात, उजेड आणि सावलीच्या सीमेवर जांभळट-हिरवट कडा दाखवतात आणि फोकसची चूक अजिबात झाकत नाहीत. एफ/२.८ वर यांतले बरेचसे सुधारते आणि किट लेन्सच्या एफ/५.६ च्या तुलनेत तेव्हाही चौपट प्रकाश मिळतो. एफ/१.८ वर तो जवळजवळ दहापट होतो. म्हणजे किट लेन्सला जिथे १/१५ सेकंद लागत होता, तिथे त्याच आयएसओवर, म्हणजे सेन्सरच्या त्याच संवेदनशीलतेवर, सुमारे १/१५० सेकंद मिळतो. उजेड खरोखरच कमी पडला, तर हा साठा वापरावा.

शटर स्पीडसाठी जुना नियम असा, की हातात धरलेल्या कॅमेऱ्याने एक भागिले फोकल लेंग्थ यापेक्षा मंद वेग वापरू नये. क्रॉप सेन्सरवर फोकल लेंग्थला आधी क्रॉप फॅक्टरने गुणावे: ५० मिलिमीटरसाठी १/८० सेकंद, ३५ मिलिमीटरसाठी १/६० सेकंद. हा नियम फक्त हाताच्या थरथरीचा आहे. समोरचा माणूस बोलत, हसत, मान वळवत असेल तर १/१२५ आणि धावते मूल असेल तर १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर हवे. कंपनरोधक यंत्रणेला विषयाची हालचाल थांबवता येत नाही. ऑटो आयएसओमध्ये किमान शटर स्पीड ठरवण्याची सोय असेल, तर तिथे १/१२५ लिहून टाकावे आणि आयएसओची कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० ठेवावी. थोडा दाणा आला तरी चित्र वापरता येते, हललेल्या चित्राचे पुढे काही करता येत नाही.

६. फोकस: सर्वाधिक वेळ इथे द्या

मोठ्या अ‍ॅपर्चरवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी, किती कमी होते याचा नवशिक्याला अंदाज नसतो. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिलिमीटर लेन्स एफ/१.८ ला ठेवून २ मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर ही जाडी साधारण ११ सेंटिमीटर असते. दीड मीटरवर ती ६ सेंटिमीटर होते आणि १ मीटरवर ३ सेंटिमीटरहूनही कमी. चेहरा थोडा तिरका असला, की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो तो यामुळे. २ मीटरवरच एफ/४ लावले तर सुमारे २४ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे संपूर्ण डोके निवांत मावते. दोन माणसे एकमेकांच्या किंचित मागेपुढे उभी असतील तर एफ/४, तीन-चार जणांच्या दोन रांगा असतील तर एफ/५.६ किंवा एफ/८, असा अंदाज धरून सुरुवात करावी.

कॅमेऱ्याला फोकसबिंदू स्वतः निवडू देऊ नये. अनेक कॅमेरे अशा वेळी सर्वांत जवळची वस्तू पकडतात, आणि व्यक्तिचित्रात ती बहुधा नाक किंवा पुढे आलेला हात असते. एकच फोकसबिंदू निवडून तो आपल्याकडच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. मिररलेस कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो खुशाल वापरावा. मधल्या बिंदूने फोकस करून मग कॅमेरा वळवत चौकट जुळवण्याची सवय किट लेन्सवर चालून जाते, पण दीड मीटरवरून एफ/१.८ वापरताना कॅमेरा वळवल्याने फोकसचे प्रतल डोळ्याच्या मागे सरकते. म्हणून चौकट आधी जुळवावी आणि बिंदू सरकवून डोळ्यावर न्यावा.

डीएसएलआरवर आणखी एक अडचण संभवते. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा असतो, आणि त्याची व लेन्सची जुळणी थोडी जरी बिघडलेली असली तरी फोकस सातत्याने किंचित पुढे किंवा मागे पडतो. तपासणी सोपी आहे: कॅमेरा तिपाईवर ठेवून, टेबलावर तिरक्या ठेवलेल्या पट्टीवरील एका रेघेवर एफ/१.८ ला फोकस करावा, आधी व्ह्यूफाइंडरमधून आणि मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहून), आणि दोन्ही चित्रे मोठी करून पाहावीत. लाइव्ह व्ह्यूमध्ये सेन्सर स्वतः फोकस तपासत असल्याने ते चित्र बरोबर आणि दुसरे सतत एकाच दिशेने चुकलेले असेल, तर दोष जुळणीचा. वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ही जुळणी मेनूमधून सुधारता येते. सुरुवातीच्या श्रेणीत ती सोय बहुधा नसते, तेव्हा सेवा केंद्रात कॅमेरा व लेन्स दोन्ही द्यावे, किंवा महत्त्वाच्या छायाचित्रासाठी लाइव्ह व्ह्यू वापरावा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये एफ/१.८ ची धूसरता पूर्णपणे दिसतही नाही. मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून डोळ्याच्या पापण्या पाहणे हाच विश्वासार्ह मार्ग.

७. पार्श्वभूमी

पार्श्वभूमी विरघळवण्यासाठी नवशिके थेट अ‍ॅपर्चर उघडतात. त्याआधी माणसाला भिंतीपासून दूर न्यावे. भिंतीला टेकून बसलेल्या माणसामागे एफ/१.८ सुद्धा फार काही करू शकत नाही. तोच माणूस भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे आला आणि आपण दीड मीटरवर असलो, की एफ/४ वरही मागचे तपशील मिटून जातात. धूसर झालेल्या प्रकाशबिंदूंचा आकार पात्यांच्या संख्येवर अवलंबून असतो: कॅननच्या जुन्या ५० मिलिमीटर एफ/१.८ II आवृत्तीमध्ये ५ पाती असल्याने अ‍ॅपर्चर थोडे बंद करताच दिव्यांचे पंचकोन दिसत, २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत ७ पाती आल्यावर ते बरेच गोल झाले.

८. भर दुपारच्या उन्हात

उघड्या उन्हात आयएसओ १०० वर एफ/१६ ला साधारण १/१०० सेकंद लागतो. या हिशेबाने एफ/१.८ साठी जवळजवळ १/८००० सेकंद हवा, आणि सुरुवातीच्या श्रेणीतील अनेक कॅमेऱ्यांचे शटर १/४००० वर थांबते. चित्र पांढरेफटक पडते ते यामुळे. एफ/२.८ केले की काम भागते, एफ/१.८ च हवे असेल तर सावली गाठावी, इलेक्ट्रॉनिक शटर असल्यास ते वापरावे किंवा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा. निसर्गदृश्यासाठी एफ/५.६ ते एफ/८ उत्तम. एफ/११ च्या पुढे विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, बारकावे पुसट होऊ लागतात, म्हणून कारण असल्याखेरीज तिकडे जाऊ नये. सूर्य समोर किंवा बाजूला असताना हूड, म्हणजे लेन्सपुढची बाजूचा प्रकाश अडवणारी कड, लावावे.

९. दुसरी लेन्स घ्यायची वेळ

किट लेन्स विकून टाकण्याची घाई करू नये. १८ मिलिमीटरचा रुंद कोन, कंपनरोध आणि चित्रफितीसाठी लागणारा सहजपणा हे स्वस्त प्राइममध्ये मिळत नाही, आणि जिथे मागे सरकायला जागाच नाही तिथे ती लागतेच. प्राइमने काढलेली छायाचित्रे काही महिन्यांनी पुन्हा चाळावीत. बहुतेक चित्रे नंतर कापून लहान करावी लागली असतील, तर पुढची लेन्स अधिक फोकल लेंग्थची घ्यावी. ३५ नंतर ५० ही जोडी तेव्हा नीट जुळते. माणसांचे पाय, हात किंवा रांगेतल्या टोकाचे चेहरे वारंवार चौकटीबाहेर गेले असतील, तर २४ मिलिमीटरकडे वळावे. दोन्ही प्रकारची चित्रे सारखीच असतील, तर तूर्त काहीच घेऊ नये आणि ते पैसे एका साध्या फ्लॅशवर खर्च करावेत. प्रकाश छतावरून परतवता येईल असे फिरते डोके असलेला फ्लॅश त्यासाठी निवडावा.